भंडारा जिल्ह्यांतील तलाव व मोबाइलवरील प्रश्नावली

केंद्र सरकारनें जलसाठ्यांच्या पहिल्या गणनेचा अहवाल २०२३ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत देशांतील २४,२४,५४० जलसाठे नोंदले असून स्थान व छायाचित्र यांसाठीं मोबाइल अॅप वापरलें होतें. हें काम लहान नव्हे. परंतु भंडाऱ्याकडील मालगुजारी तलावांच्या अभ्यासकाचें एवढ्यानें भागत नाहीं. तलावाचें पाणी कोणाच्या बांधीस व कोणत्या क्रमानें, पाळीची डागडुजी कोणाकडे, हा व्यवहार वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रक ह्या गांवकागदांत शोधावा लागतो. मालगुजारी तर १९५० च्या कायद्यानें गेली. तेव्हां कागदाशीं आजची वहिवाट ताडून पाहण्यास गांवींच जाऊन विचारलें पाहिजे.

ह्यासाठीं कोबो टूलबॉक्स, ओडीके हीं साधनें आमच्या संग्राहकांनीं अवश्य शिकावीं. प्रश्नावली मराठींत घालतां येते, नेटवर्क नसतांही उत्तरें फोनमध्यें राहतात, सांगणाराचा आवाजही त्याच नोंदीस जोडतां येतो. धोका पर्यायांच्या यादींत आहे. तींत ‘बोडी’ नसली कीं विचारणारा ‘तलाव’ ह्यावर बोट ठेवितो, आणि कोष्टकांतून बोडी नाहींशी होते. अपरिचित शब्दाच्या जागीं ओळखीचा शब्द घालणारा नकलनवीस आपणांस ठाऊकच आहे. त्याची चूक निदान दुसऱ्या पोथीवरून सुधारतां येते. येथें दुसरी पोथी नसते! म्हणून प्रत्येक यादीखालीं सांगणाराचे शब्द जसेच्या तसे लिहिण्यास जागा ठेवावी, आणि तक्ता शुद्ध करण्यापूर्वींची मूळ फाइल तारीख घालून निराळी जपावी.