विकाऊ घराचे रूप

अमरावतीच्या परकोटातला वाडा असो की अकोल्याचे मोर्णाकाठचे घर, मालकाने विक्रीसाठी स्वतः काढलेली छायाचित्रे पाहिली की स्थळासाठी पाठविलेल्या फोटोची आठवण होते. टापटीप वाखाणण्याजोगी, पण खरे रूप हरवलेले! रुंद भिंग दहा फुटांची खोली दिवाणखान्याएवढी फुगविते. कॅमेरा वर कलला की भिंती एकमेकींवर झुकतात. वऱ्हाडच्या उन्हापायी खिडक्या लहान. म्हणून भर दुपारी खिडकी पांढरीफटक, माजघर काळेकुट्ट. उजाडताना, आतबाहेरचा प्रकाश सारखा असता, छातीच्या उंचीवरून सरळ घेतलेले चित्र खरे बोलते. ओल आलेला कोपराही त्यात असावा. कारण गिऱ्हाईक उंबऱ्यावर येताच भिंतीआधी मालकाचे तोंड पाहते; तेथे रुंद भिंग कामास येत नाही.