मधुमेही व अमधुमेही रुग्णांतील रक्तदाबाचे लक्ष्य : दोन चाचण्यांच्या अन्वयार्थाचे परीक्षण

रक्तदाब कोठवर उतरवावा, या प्रश्नाला गेल्या पाव शतकात मिळालेली उत्तरे एकापुढे एक ठेवून पाहिली, तर अभ्यासकाने चकित व्हावे अशी स्थिती दिसते. २००३ साली अमेरिकेतील संयुक्त राष्ट्रीय समितीच्या सातव्या अहवालाने मधुमेह्यांसाठी १३०/८० ही कडक मर्यादा सांगितली आणि इतरांसाठी १४०/९० पुरेशी मानली. २०१४ साली आठव्या समितीवर नेमलेल्या सदस्यांनी मधुमेह्यांची मर्यादाही १४०/९० केली. पुढे २०१७ साली अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी दोघांसही १३०/८० हेच लक्ष्य ठरवून दिले. चौदा वर्षांत मधुमेह्याचे लक्ष्य कडक, सैल आणि पुन्हा कडक झाले. एवढ्या काळात रोगाची प्रकृती पालटली नाही. पालटले ते पुराव्याचे वाचन. या वाचनातील एका मोठ्या प्रमादाचे परीक्षण करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२००३ची कडक मर्यादा पुराव्याच्या पुढे धावणारी होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मधुमेह्यांतील रक्तदाबनियंत्रणाचा लाभ ठळकपणे दाखविला तो १९९८ साली ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या चाचणीने. परंतु तेथे कडक नियंत्रणाच्या गटाचा सरासरी रक्तदाबही १४४/८२ होता. त्यावरून १५४ पेक्षा १४४ बरा, एवढेच सिद्ध होते. १३० विषयी ती चाचणी मौन पाळते.

हे मौन मोडण्यासाठी ‘अ‍ॅकॉर्ड’ ही चाचणी योजण्यात आली व २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ४,७३३ रुग्णांची तीत दोन गटांत विभागणी केली होती. एका गटात आकुंचनकालीन रक्तदाब १२० च्या खाली, दुसऱ्यात १४० च्या खाली आणावयाचा होता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अथवा रक्ताभिसरणाच्या विकाराने मृत्यू या घटनांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात दरसाल १.८७ टक्के व दुसऱ्यात २.०९ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. पाच वर्षांनी, २०१५ साली, ‘स्प्रिंट’ चाचणीने मधुमेह नसलेल्या ९,३६१ रुग्णांत हीच दोन लक्ष्ये पडताळली. तेथे कडक नियंत्रणाने अशा घटना पंचवीस टक्क्यांनी घटल्या, मृत्यूही घटले, आणि चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. यावरून अनेकांनी अनुमान काढले की, मधुमेह नसलेल्यास कडक नियंत्रण मानवते, मधुमेह्यास मात्र त्याचा लाभ नाही.

हे अनुमान टिकण्यासारखे नाही. अ‍ॅकॉर्डमध्ये आढळलेली घट बारा टक्क्यांची होती. पण तिच्या विश्वासमर्यादा पाहिल्या, तर खरी स्थिती सत्तावीस टक्के घटीपासून सहा टक्के वाढीपर्यंत कोठेही असू शकते. स्प्रिंटमधील पंचवीस टक्के या मर्यादांच्या आतच बसतात! म्हणजे ज्या दोन निष्कर्षांना परस्परविरोधी म्हटले गेले, ते वस्तुतः परस्परांशी विसंगतच नव्हते. ‘सिद्ध झाले नाही’ या वाक्याचे ‘खोटे ठरले’ असे रूपांतर होऊ द्यावयाचे नसते, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास आपण शिकवितो. येथे मात्र मान्यवर समित्यांच्या छायेत तेच घडले. शिवाय प्रमाणित गटात दरसाल चार टक्के घटना घडतील, असे धरून अ‍ॅकॉर्डची आखणी झाली होती. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच घडल्या. घटना थोड्या असल्या म्हणजे चाचणीची निवाडा करण्याची शक्तीही घटते.

मोजणीतही भेद होता. स्प्रिंटने हृदयाची कार्यक्षमता खालावणे हा विकार मुख्य घटनांत धरला होता, अ‍ॅकॉर्डने तो धरला नव्हता. आणि स्प्रिंटच्या यशात या विकारातील घटीचा वाटा मोठा आहे. उलट ‘अयशस्वी’ ठरलेल्या अ‍ॅकॉर्डमध्ये पक्षाघात एकेचाळीस टक्क्यांनी घटला, तर ‘यशस्वी’ स्प्रिंटमध्ये पक्षाघातातील घट कसोटीस उतरली नाही. अ‍ॅकॉर्डच्या रुग्णांवर त्याच वेळी रक्तशर्करेच्या कडक नियंत्रणाचाही प्रयोग चालू होता, व तो मृत्यू वाढल्यामुळे २००८ साली आवरावा लागला. ज्यांची शर्करा प्रमाणित पद्धतीने सांभाळली गेली, त्यांच्यात रक्तदाब उतरविण्याचा लाभ अधिक स्पष्ट दिसतो, असे पुढील विश्लेषणांत आढळून आले. अशी मागाहून केलेली विश्लेषणे जपूनच स्वीकारावयाची असतात, हे खरे. पण ती अगदीच नजरेआड करणेही न्याय्य नव्हे.

या वादाचा बहुतांशी निकाल लावला तो चीनमधील ‘बीप्रोड’ चाचणीने. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे १२,८२१ रुग्ण होते; लक्ष्ये तीच, १२० व १४०. मुख्य घटना एकवीस टक्क्यांनी घटल्या. रुग्णसंख्या पुरेशी मिळताच मधुमेह्यातही लाभ दिसून आला. मात्र चिनी समाजात पक्षाघाताचा भार विशेष आहे, तेव्हा हृदयविकाराचा भार मोठा असलेल्या आपल्या समाजास हे प्रमाण जसेच्या तसे लावणे घाईचे होईल.

सैल मर्यादेचे पुरस्कर्ते केवळ आकड्यांनी फसले होते, असे मात्र म्हणवत नाही. अ‍ॅकॉर्डमध्ये उपचारजन्य गंभीर दुष्परिणाम कडक गटात ३.३ टक्के, तर दुसऱ्यात १.३ टक्के होते. स्प्रिंटमध्येही रक्तदाब अतिशय उतरणे, मूर्च्छा येणे व मूत्रपिंडास तीव्र इजा होणे या गोष्टी कडक गटात अधिक घडल्या. रुग्णाची नियमित तपासणी होत नसेल, तर हे धोके वाढतात.

मापनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्प्रिंटमध्ये रुग्णास पाच मिनिटे स्वस्थ बसवून, स्वयंचलित यंत्राने तीन वेळा मोजून सरासरी घेत असत, आणि पुष्कळदा त्या वेळी खोलीत कोणीही नसे. आपल्याकडील गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात जिना चढून आलेल्या रुग्णाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून एकदा घेतलेले माप त्याहून जास्त येते. ते माप १२० वर आणण्याचा हट्ट धरणे म्हणजे स्प्रिंटच्या रुग्णांपेक्षाही खाली रक्तदाब नेणे होय. लक्ष्याचा आकडा उचलावयाचा आणि मापनाची रीत मागे सोडावयाची, हा प्रघात आपल्या अध्यापनातही शिरला आहे.

मधुमेही व अमधुमेही यांच्या उपचारात भेद नाहीच, असा याचा अर्थ नव्हे. तो भेद आकड्यापेक्षा अन्यत्र आहे. मूत्रातून अल्ब्युमिन जात असेल, तर अँजिओटेन्सिनला रोधणाऱ्या औषधांस अग्रस्थान द्यावे लागते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या लोसार्टन व इर्बेसार्टन यांवरील चाचण्यांनी मधुमेहजन्य मूत्रपिंडविकाराची वाटचाल मंदावते, हे दाखविले. त्याबरोबर रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. दीर्घकालीन मधुमेहात स्वायत्त मज्जातंतू दुबळे झालेले असतात. असा रुग्ण उठून उभा राहताच त्याचा रक्तदाब एकदम घसरतो. यासाठी औषधाची मात्रा वाढविण्यापूर्वी त्याचा रक्तदाब बसून व उभ्यानेही मोजावयास हवा.