बूडिकाच्या कन्या : एका बंडखोर राणीच्या वारशाची चिकित्सा

प्रास्ताविक

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाच्या तोंडाशी, ब्रिटिश संसदेच्या समोर, ब्राँझचे एक भव्य शिल्प उभे आहे. उधळलेले दोन घोडे, चाकांना पाती बसविलेला रथ, आणि रथात भाला घेऊन ताठ उभी असलेली राणी. ही बूडिका होय. इसवी सनाच्या ६० किंवा ६१ या वर्षी तिने रोमन सत्तेविरुद्ध बंड केले आणि आजच्या पूर्व इंग्लंडमधील तीन रोमन नगरे भस्मसात केली. शिल्प पाहणाऱ्याची दृष्टी राणीवर खिळते. तिच्या दोन्ही बाजूंना रथात दोन तरुणी वाकून बसलेल्या आहेत, हे बहुधा नंतर ध्यानात येते. त्या तिच्या कन्या आहेत. त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

बूडिकाविषयी आजवर विपुल लेखन झाले आहे. तिला कधी राष्ट्रमाता, कधी साम्राज्याची आद्य देवता, तर कधी स्त्रीमुक्तीची अग्रदूत म्हटले गेले. या प्रत्येक प्रतिमेची स्वतंत्र चर्चा शक्य आहे. परंतु या सर्व प्रतिमांना लावता येईल अशी एक कसोटी आहे. ती म्हणजे, त्या त्या कालखंडाने तिच्या कन्यांचे काय केले? बंडाचे मूळ कारण त्या कन्यांचा वारसाहक्क आणि त्यांच्यावरील अत्याचार हेच होते. म्हणून त्यांना वगळून उभा केलेला बूडिकाचा वारसा कितपत प्रामाणिक ठरतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ साधने : दोन रोमन लेखण्या

बूडिकाच्या बाजूने लिहिलेला एक शब्दही उपलब्ध नाही. जे काही ज्ञात आहे ते रोमच्या बाजूच्या दोन इतिहासकारांकडून. पहिला टॅसिटस. त्याचा सासरा अॅग्रिकोला हा बंडाच्या वेळी ब्रिटनमध्ये सैन्यात होता. त्यामुळे त्याच्या वृत्तान्ताला प्रत्यक्षदर्शी साक्षीचा काही आधार असावा असे मानले जाते. दुसरा कॅसियस डिओ. त्याने घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी ग्रीक भाषेत लिहिले आणि या प्रसंगाचा त्याचा मजकूर अकराव्या शतकातील संक्षेपाच्या रूपानेच आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

टॅसिटसच्या कथनानुसार इसेनी जमातीचा राजा प्रासुटागस हा रोमचा मांडलिक होता. मृत्यूपूर्वी त्याने सम्राट नीरो आणि आपल्या दोन कन्या यांना वारस नेमले. सम्राटाला वाटा दिला की उरलेले राज्य व कुटुंब सुरक्षित राहील, असा त्याचा हिशेब होता. तो साफ चुकला. रोमन अधिकाऱ्यांनी राज्य लुटले, राणीला फटके मारले आणि कन्यांवर बलात्कार केला. बंडाची ठिणगी पडली ती येथे. पुढे अखेरच्या लढाईपूर्वी कन्यांना रथात पुढे घेऊन राणी जमातीजमातींसमोर जाते, असे दृश्य टॅसिटस रंगवतो. तेथील तिच्या भाषणाचा आशय असा, की आपण राजकुळातील स्त्री म्हणून नव्हे, तर गमावलेले स्वातंत्र्य, फटक्यांनी सोललेले शरीर आणि विटंबित कन्या यांचा सूड घेणारी एक सामान्य स्त्री म्हणून लढत आहोत. हे भाषण अर्थातच टॅसिटसची रचना आहे. पात्रांच्या मुखी भाषणे घालणे हा तत्कालीन इतिहासलेखनाचा संकेतच होता. तथापि, शत्रूच्या लेखणीनेसुद्धा या बंडाचे नैतिक केंद्र कन्यांच्या ठायी पाहिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

डिओचे चित्र निराळे आहे. उंच देह, भेदक नजर, कर्कश आवाज, कंबरेखाली रुळणारे पिंगट केस आणि गळ्यात सोन्याचा जाडजूड अलंकार अशी त्याची बूडिका पुढील सर्व चित्रकारांना प्रिय झाली. बंडाची कारणे मात्र तो मुख्यतः पैशात शोधतो. सेनेकाने दिलेली मोठी कर्जे एकाएकी परत मागितली, हे त्यांपैकी एक. त्याच्या उपलब्ध मजकुरात राणीला मारलेले फटके नाहीत आणि कन्यांवरील अत्याचारही नाही. म्हणजे बूडिकाचे रूप एका साधनातून आले आणि तिचे दुःख दुसऱ्यातून. पुढील काळाने रूप आवडीने उचलले आणि दुःख सोयीनुसार.

येथे एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. कॅम्युलोडुनम (आजचे कोलचेस्टर), लंडन आणि व्हेरुलेमियम या नगरांत बंडखोरांनी केलेली कत्तल भीषण होती. टॅसिटस मृतांचा आकडा सत्तर हजार देतो, डिओ ऐंशी हजार. हे आकडे फुगविलेले असतील. परंतु कोलचेस्टर व लंडन येथे जमिनीखाली सापडणारा भाजलेल्या लाल मातीचा थर आगीची साक्ष आजही देतो. अन्यायाची शिकार झालेली स्त्री आणि निरपराधांच्या संहाराची नायिका ही एकच व्यक्ती आहे. तिच्या गौरवगाथा यातील दुसरा भाग गाळतात.

विस्मरण, पुनर्शोध आणि मौनाचा आग्रह

सहाव्या शतकातील ब्रिटिश धर्मोपदेशक गिल्डास याने तिचे नाव न घेता तिला विश्वासघातकी सिंहीण म्हटले. त्यानंतर कित्येक शतके ती जवळजवळ विस्मृतीत गेली. युरोपीय प्रबोधनकाळात टॅसिटसचे हस्तलिखित पुन्हा अभ्यासकांच्या हाती आले, तेव्हाच तिचा पुनर्जन्म झाला.

हा पुनर्जन्म सन्मानाचा होता असे मात्र नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी जॉन फ्लेचरने लिहिलेल्या ‘बोंडुका’ या नाटकाचे शीर्षक राणीचे, पण त्यातील खरा नायक कॅराटॅक हा पुरुष सेनानी आहे. कन्या येथे रंगमंचावर येतात. आपल्यावरील अत्याचाराचा सूड म्हणून त्या रोमन सैनिकांना पकडतात, तेव्हा कॅराटॅक कैद्यांना सोडून देतो आणि दोष कन्यांनाच देतो. अखेर त्या मातेबरोबर मरण पत्करतात. अत्याचाराची वाच्यता करणारी स्त्रीच मर्यादा ओलांडते, हा या नाटकाचा ध्वनी आहे.

१६७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या इतिहासात मिल्टनने हीच भूमिका उघडपणे मांडली. राणीला बसलेले फटके आणि कन्यांची विटंबना या गोष्टी पडद्याआड व मौनातच शोभतात. स्त्रीने त्या पुरुषांच्या सैन्यासमोर बोलून दाखवाव्यात हे त्याला अनुचित वाटते. स्वातंत्र्याचा कैवारी म्हणून ख्यातकीर्त असलेल्या कवीला येथे स्वातंत्र्यापेक्षा शालीनता मोठी वाटली, हे अंतर्मुख करणारे आहे. अत्याचार घडला यापेक्षा तो सांगितला गेला, हा त्याच्या लेखी मोठा दोष ठरतो.

साम्राज्याची देवता

अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम कूपरच्या काव्यात बूडिका एका वेगळ्याच भूमिकेत शिरते. फटक्यांनी रक्तबंबाळ झालेली राणी वृद्ध पुरोहिताकडे जाते. तो भाकीत करतो की सीझरला अज्ञात असलेल्या प्रदेशांवर तिचे वंशज राज्य करतील. या काव्यात कन्यांचा उल्लेखही नाही. गंमत अशी, की ज्यांच्या वारसाहक्कासाठी युद्ध झाले त्या गायब होतात आणि ‘वंशज’ म्हणून उभे राहते ते ब्रिटिश साम्राज्य! १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेनिसनच्या कवितेत कन्या पुन्हा दिसतात, पण सूडाने उन्मत्त झालेल्या आईच्या दोन बाजूंना, मूकपणे.

थॉर्निक्रॉफ्टने आपले शिल्प १८५६ च्या सुमारास सुरू केले आणि त्याच्या मृत्यूनंतर १९०२ मध्ये ते पुलाजवळ उभारले गेले. त्यावर कूपरच्या त्याच भाकिताच्या ओळी कोरलेल्या आहेत. रोमन साम्राज्याविरुद्ध लढलेली राणी अशा प्रकारे दुसऱ्या साम्राज्याची प्रतीकमूर्ती बनली. मराठी वाचकाला हा विरोधाभास अधिक तीव्रतेने जाणवेल. १८५३ मध्ये गंगाधरराव नेवाळकर निवर्तले, दत्तक दामोदररावांचा वारसा नाकारून १८५४ मध्ये झाशी खालसा झाली आणि १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई इंग्रज फौजेशी लढताना धारातीर्थी पडल्या. वारसाहक्क नाकारणारी सत्ता आणि शस्त्र उचलणारी विधवा राणी, ही कथा ब्रिटिश स्वतः नव्याने घडवीत होते, त्याच वर्षांत लंडनमध्ये बूडिकाची मूर्ती आकार घेत होती. दोन्ही राण्यांत एक फरकही आहे. झाशीच्या वेढ्याच्या वेळी शहरात असलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपल्याजवळ आहे. बूडिकाला असा गोडसे भटजी लाभला नाही.

प्रतिमेचे पुनर्ग्रहण

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांनी ही प्रतिमा साम्राज्याच्या हातून काढून घेतली. १९०८ च्या लंडनमधील मिरवणुकीत तिच्या नावाचा ध्वज होता. संसदेकडे हात उंचावलेल्या शिल्पाचा एक नवा अर्थ त्यांनी वाचला. मात्र येथेही भर योद्ध्यावर होता. कन्यांना न्याय दिला तो वेल्समधील कार्डिफच्या नगरभवनातील शिल्पाने. १९१६ मध्ये अनावरण झालेल्या हॅव्हर्ड टॉमस यांच्या या शिल्पात रथ नाही, घोडे नाहीत. दोन मुलींना जवळ घेतलेली आई तेवढी आहे. लंडनचे शिल्प विजय दाखवते. कार्डिफचे शिल्प कारण दाखवते.

निष्कर्ष

बंडानंतर ब्रिटनमध्ये आलेला नवा वित्ताधिकारी क्लासिसियानस याने सूडाऐवजी सौम्य धोरणाचा आग्रह धरला. त्याचा समाधिलेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो त्याच्या पत्नीने उभारला. तिचे नाव जुलिया पॅकाटा, इंडसची कन्या, असे त्यावर कोरलेले आहे. इंडस हा गॉलमधील रोमनिष्ठ सरदार होता आणि ‘पॅकाटा’ म्हणजे शांत केलेली, शमविलेली. रोमच्या बाजूने राहिलेल्या सरदाराच्या कन्येचे नाव दगडावर टिकले. रोमविरुद्ध उठलेल्या राणीच्या कन्यांची नावे कोणीही लिहून ठेवली नाहीत. त्यांचे पुढे काय झाले हेही टॅसिटस सांगत नाही. आधुनिक कादंबरीकारांनी त्यांना कल्पित नावे दिली, ती या पोकळीची कबुलीच होय.

सारांश, बूडिकाचा वारसा हा तिच्या पराक्रमाचा जेवढा, तेवढाच तिच्याविषयी काय बोलावे आणि काय झाकावे याच्या निवडीचा इतिहास आहे. डिओच्या मजकुरात कन्या नाहीत, मिल्टनने त्यांच्यावर पडदा ओढला, कूपरने त्यांच्या जागी साम्राज्य बसवले. पराक्रमाचे पुतळे उभारणे समाजाला सोपे जाते. ज्या अन्यायातून तो पराक्रम जन्मला त्याचे नाव घेणे अवघड जाते. म्हणून यापुढे बूडिकाचे कोणतेही चित्र, काव्य वा चरित्र समोर आले असता समीक्षकाने प्रथम रथातील त्या दोन मुलींकडे पाहावे. त्या तेथे आहेत काय, आणि असल्यास कोणाच्या शब्दांत, या प्रश्नाच्या उत्तरातच त्या कृतीचे मोल दडलेले आहे.