अंगरक्षक-नायकाची प्रणय-रहस्यकादंबरी आणि बीडीडी चाळ

प्रणय व रहस्य यांच्या मिश्रणातून सिद्ध झालेल्या इंग्रजी लोकप्रिय कादंबरीत अंगरक्षक-नायक हा रूढ साचा आहे. नायिकेचा कोणी अज्ञात इसम पाठलाग करतो. तिच्या रक्षणार्थ नेमलेला पुरुष सावलीसारखा तिच्याबरोबर वावरतो आणि अखेरीस तिचा प्रियकर ठरतो. १९९२ च्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटाने हा साचा जगभर पोहोचविला. मराठीत मात्र तो रुजला नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळापहाड गुन्हेगाराच्या मागावर निघतात; पगार घेऊन एखाद्या स्त्रीच्या दाराशी पहारा देणे हे त्यांचे काम नव्हे. या फरकाचा विचार वरळीच्या बीडीडी चाळीच्या संदर्भात करण्याचा येथे प्रयत्न आहे.

हा साचा मुळात घराच्या रचनेवर उभा असतो. उपरोक्त चित्रपटातील अंगरक्षक प्रथम गायिकेच्या बंगल्याचे फाटक व कुंपण तपासतो. आत ती, बाहेर संकट आणि उंबरठ्यावर तो, अशी ही मांडणी आहे. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळीत, वरळीच्या १२१ इमारतींत, असा उंबरठाच नाही. तळमजला व वर तीन मजले, १६० चौरस फुटांची एकेक खोली, मधून जाणारा सामाईक व्हरांडा, सामाईक शौचालय. येथे पहारा व्हरांडाच देतो. तरुण मुलगी किती वाजता परतली आणि तिला कोपऱ्यापर्यंत सोडावयास कोण आले, हे समोरच्या खोलीस ठाऊक असते. या माहितीचा तिला आधार होतो आणि जाचही. शिवाय पाठलाग करणारा त्याच मजल्यावरचा असेल, तर त्याला लपण्याचीही गरज नाही. तो ‘आपलाच मुलगा’ असतो. त्याच्याविरुद्ध तक्रार झाली की प्रथम मुलीचीच नोकरी वा शिक्षण बंद होण्याची भीती असते. बंगल्यातील नायिकेस ही भीती ठाऊक नाही.

प्रस्तुत लेखकाचा या साच्यावरील मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. पाठलाग करणारा व रक्षण करणारा हे दोघेही तिचे वेळापत्रक, तिची पत्रे, तिचे मित्र यांवर नजर ठेवतात. २०१३ मध्ये भारतीय दंडसंहितेत आलेल्या व आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये असलेल्या व्याख्येचा गाभा, स्त्रीने अनिच्छा स्पष्ट करूनही पुरुषाने तिच्यामागे जाणे, हा आहे. दुय्यम प्रतीच्या कादंबऱ्यांत नायिका अंगरक्षकास नकार देते, तेव्हा तिला धोका कळत नाही असे सांगून तो नकार बाजूस सारला जातो. संमतीची जागा कर्तव्य घेते. १९९२ च्या चित्रपटास या पेचाची जाणीव होती. जवळीक झाल्यावर नायक मागे सरतो आणि शेवटी दोघे विलग होतात. २०११ च्या हिंदी ‘बॉडीगार्ड’मध्ये तर नायिकाच नाव लपवून अंगरक्षकास फोन करीत राहते आणि त्यात कोणालाही गैर वाटत नाही!

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना पुनर्विकसित इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बंद होणारे दार आता तेथे आले आहे. मराठी कादंबरीकारास या साच्याचा मोह आता पडू शकेल. पण त्या दाराची घंटा वाजविणारा इसम वीस वर्षे समोरच्याच खोलीत राहिलेला असेल, तर त्याला अनोळखी ठरवून कथानक कसे रचणार?