समुद्रगाय शेती करते का?

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ मॉर्टन उपसागर आहे. भरतीचे पाणी तेथील उथळ वाळूपट्ट्यांवर चढले की ड्यूगाँग, म्हणजे समुद्रगाई, समुद्रगवत चरायला येतात. अँथनी प्रीन यांनी १९९५ साली त्यांच्या चरण्यावर शोधनिबंध लिहिला. त्यातील ‘मशागती चराई’ ही कल्पना वर्गात सांगण्याजोगी आहे. मात्र ती पारखून घ्यायला हवी.

समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. ती मुळे, खोड आणि फुले असणारी वनस्पती आहे. तिच्या पात्याची वाढ बुडाशी होते, म्हणून शेंडा खुडला तरी पाते वाढत राहते. जुनी पाती गळण्यापूर्वी त्यांतील काही नत्र नव्या पात्यांकडे वळवले जाते. वाळूतील आडव्या खोडात अन्नसाठा असतो. ड्यूगाँग मात्र गवत या खोडासकट उपटून खातो. मग गवत टिकते कसे?

प्रीन यांचे उत्तर असे : मोठे कळप तोच पट्टा पुनःपुन्हा चरतात. चरलेल्या पट्ट्यांमध्ये थोडे कोंब उरतात. त्यांतून हॅलोफिला ओव्हॅलिस हे गवत झपाट्याने पसरते आणि सावकाश सावरणारे झोस्टेरा मागे पडते. हॅलोफिलात तंतू कमी व नत्र अधिक. ड्यूगाँगला तेच हवे असते. केवळ निरीक्षणावर न थांबता प्रयोगाचाही आधार घेतला, हे या निबंधाचे बळ.

खटकतो तो ‘मशागत’ हा शब्द. शेतकरी हेतूने राबतो आणि शेताला खत देतो. येथे हेतू नाही. विष्ठेतून नत्र परतते, पण ते त्याच पट्ट्याला मिळेल याची खात्री नाही. शिवाय या शब्दामुळे मुख्य अट झाकली जाते : दोन चरायांमधली विश्रांती. कळप पुढे सरकतो, म्हणून गवत सावरते.

ही अट मोडली तर काय होते, हे लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळ दिसले. तेथील खाजणात हिरव्या कासवांची संख्या फार वाढली. कासव बहुधा पातीच खुडते, तरीही सततच्या चराईने कुरण विरळ होत गेले.

म्हणून ‘चराई चांगली की वाईट?’ असा प्रश्न मुलांना विचारू नये. किती तोंडे, किती दिवसांनी आणि गवताजवळ शिल्लक काय, असे विचारावे. गावच्या गायरानालाही हाच हिशेब लागू पडतो.