पैठण सोडलेल्यांची वंशकथा

मंडळी, घराण्याचा शोध म्हटला की आपण झाड काढायला बसतो. मूळपुरुष वर, फांद्या खाली. म्हणजे झाडही उलटंच. आज आम्ही ज्या ग्रंथाबद्दल बोलतो आहोत त्यातली मोलाची गोष्ट झाड नाही, वाट आहे. काशीचे मीमांसक शंकरभट्ट यांचं हे संस्कृत 'गाधिवंशानुवर्णन'. त्यांचे आजोबा रामेश्वरभट्ट आपल्या पैठणचे. हरप्रसाद शास्त्री यांनी १९१२ साली काशीच्या दक्षिणी पंडितांवर इंग्रजीत लेख लिहिला, तो मुख्यतः याच ग्रंथाच्या आधारे.

आधी नावाकडे बघू. गाधी म्हणजे विश्वामित्राचा बाप. घराण्याचं गोत्र विश्वामित्र, म्हणून वंश थेट गाधीचा! पण गोत्र आणि वंश एक नव्हेत. सोयरीक कुठे करू नये हे गोत्र सांगतं. पिढ्यांची साखळी ते सिद्ध करत नाही. नैयायिक आप्तवाक्य प्रमाण मानतात, पण त्यांचा आप्त म्हणजे विश्वासार्ह माणूस. आपल्याकडचे आप्त, म्हणजे नातेवाईक, त्यात बसतीलच असं नाही. अमेरिकेत १६२० साली मेफ्लॉवर जहाजाने आलेल्या शंभरेक उतारूंच्या वंशजांची एक संस्था आहे. तिथे प्रवेश हवा तर दर पिढीचा पुरावा द्यावा लागतो. गाधीपर्यंतचा पुरावा कोण देणार?

वाट मात्र वेगळी. पैठणहून कोल्हापूर, तिथून कृष्णदेवरायाचं विजयनगर, मग द्वारकेची यात्रा, पुन्हा पैठण, आणि शेवटी काशी. १५१३ साली द्वारकेच्या वाटेवर नारायणभट्ट जन्मले. इथे आमचा ग्रंथावर विश्वास बसतो. गौरवासाठी रचलेली कथा सरळ काशीला पोचली असती. ही मध्येच माघारी पैठणला येते. नातवाने ऐकलेल्या घरच्या आठवणी अशाच वेड्यावाकड्या असतात. फक्त पोटात मूल घेऊन ती वाट चाललेल्या बाईच्या बाजूने ती कुणी लिहिली नाही. वंशकथा बापाकडून मुलाकडे जाते, आईला ती वाटेतलं गाव समजते.

आता या कुळकथांचं वजन किती, ते पाहा. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ. त्यांचा 'व्यवहारमयूख' इंग्रजी अमलात मुंबईच्या न्यायालयात वारसाहक्काला आधार झाला. रामेश्वरांपासून पाचवे गागाभट्ट १६७४ साली रायगडावर आले. स्वराज्य तर उभं होतं, तरी राज्याभिषेकासाठी शास्त्र्यांना कूळ दाखवावं लागलं, आणि ते मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेण्यात आलं. दक्षिणेतून उत्तरेला गेलेल्या घराण्याच्या पंडिताने उत्तरेतून दक्षिणेला आलेल्या घराण्याची वाट मान्य केली! कर्तृत्व डोळ्यांसमोर असताना कूळ मागणारं हे शास्त्र आम्हाला कोतं वाटतं. आणि ते कोतेपण गाधीचं नाव घेणाऱ्या याच ग्रंथातही आहे.

त्याच्या शेजारी आपल्या नाथांना ठेवून पाहा. नाथांनी भागवत पुरं केलं ते काशीतच, १५७३ साली. भट्ट घराणं तेव्हा तिथे चांगलं रुजलेलं होतं. नाथांनीही ग्रंथात आपलं कूळ सांगितलं आहे. ते पणजोबा भानुदासांपासून सुरू होतं, मग चक्रपाणी, मग सूर्यनारायण. ऋषीची गरज त्यांना पडली नाही. आणि ते पैठणला परत आले.