न विचारलेला प्रश्न

१९८२ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात विंचूदंशावरील एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते महाड परिसरात सरकारी नोकरी केलेले डॉ. हिंमतराव बावसकर. लाल विंचू चावलेल्या कोणत्या रुग्णाच्या हृदयावर परिणाम होणार, हे आधीच ओळखता येईल अशा खुणा त्यांनी नोंदल्या होत्या: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांमध्ये शिश्नाला आपोआप आलेली ताठरता. यांतील शेवटच्या खुणेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. महाड-पोलादपूरच्या एखाद्या वाडीतून रात्री आणलेला माणूस ती आपणहून सांगणार नाही. डॉक्टरने पाहिली तरच ती दिसते.

विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होत नाहीत आणि स्वायत्त मज्जासंस्था बेफाम उत्तेजित होते. घाम, उलटी, ताठरता ही त्या वादळाची पहिली चिन्हे. पुढे रक्तदाब वाढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते. बावसकरांनी यावर प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरले. पूर्वी शेकडा २५ ते ३० असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर शेकडा १ च्या आसपास आले. जननेंद्रियाची खूण हृदयाची बातमी देते, हा त्या निबंधातला धडा. तो विंचवापुरताच शिकला गेला, अशी आमची तक्रार आहे.

हाच माणूस पन्नाशीत दवाखान्यात येतो. 'अशक्तपणा वाटतो' म्हणतो आणि घुटमळतो. डॉक्टर टॉनिक लिहून देतात, कारण बाहेर रांग आहे आणि दोघांनाही संकोच आहे. खरी तक्रार ताठरता न येण्याची असते. शिश्नाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असतात. मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू यांमुळे रोहिण्या आतून खराब होऊ लागल्या की पहिली अडचण बहुधा येथे जाणवते. छातीतली कळ काही वर्षांनी येते. अशा वेळी रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासणे, चालू औषधे व दारू यांची चौकशी करणे आणि पहाटे ताठरता येते का हे विचारणे एवढे छोट्या दवाखान्यातही जमते. पहाटे येत असेल तर रक्तवाहिन्या बहुधा शाबूत आहेत. चिंता, नैराश्य किंवा पतिपत्नींतील ताण यांकडे पाहावे. न विचारता नुसती गोळी देण्यात तर धोका आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतले, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

डॉक्टर विचारत नाही, तेथे भिंतीवरची जाहिरात बोलते. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. 'धातू जाते' या भीतीने खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली वैद्यकीय नाव दिले. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, ही समजूत खोटी आहे, हे कुणी शांतपणे सांगितले तर निम्मा आजार तेथेच ओसरतो.

सांगणाऱ्याला आपण कसे वागवले, हेही आठवावे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मधला. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र चवदार तळ्याच्या नेत्याने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पाण्याचा हक्क आणि प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा हक्क या दोन्हींसाठी एकच माणूस उभा राहिला, हे आम्हांला योगायोगाचे वाटत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही गप्पी आणखी दाट आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली; निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्येच आले. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम शेकडा ८. पुरुषाची ताठरता निदान विंचवाच्या निमित्ताने पुस्तकात आली. स्त्रीला संबंधाच्या वेळी होणारी वेदना अजून 'सहन करायची गोष्ट' समजली जाते.

दुसरी चूक नेमकी उलट आहे: न विचारताच शिक्का मारणे. वारंवार येणारा, भांडणारा, डॉक्टर बदलणारा रुग्ण 'विचित्र स्वभावाचा' ठरतो. व्यक्तिमत्त्व विकार खरोखर असतात, पण त्यांची कसोटी कडक आहे. वागण्याची घडण तरुणपणापासूनची हवी. ती घर, काम, मैत्री अशा सर्व ठिकाणी दिसायला हवी. तिच्यामुळे त्याला स्वतःला किंवा इतरांना त्रास व्हायला हवा. 'गेल्या दिवाळीपासून तो बदलला' असे घरचे सांगत असतील, तर आधी नैराश्य, व्यसन किंवा थायरॉइड शोधावे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात आधी विकाराची तीव्रता ठरवायची असते: सौम्य, मध्यम की तीव्र. उपचारांत मुख्य वाटा मानसोपचाराचा. गावातल्या डॉक्टरने ठरलेल्या दिवशी, ठरलेला वेळ देऊन, न चिडता आणि न वाहवता रुग्णाला भेटत राहणे, हीही मोठी मदत होते.

यात शिक्षकांचे काय? दहावीच्या वर्गात पुनरुत्पादनाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडला जातो, तेव्हा तो घुटमळणारा पन्नाशीचा रुग्ण तेथेच तयार होतो. आणि पंधरा वर्षांच्या चिडक्या मुलाला आपण 'हा असलाच' म्हणतो, तेव्हा अजून घडत असलेल्या व्यक्तिमत्त्वावर शिक्का मारतो. त्याला बोलते करावे. गरज वाटली तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. महाडच्या डॉक्टरने जे केले, ते वर्गातही करता येते: संकोच बाजूला ठेवून पाहणे, विचारणे आणि नोंद ठेवणे.